पुंगळ्या भरून घेऊ नकोस

भालकी

चि. बाळू,

दुकानात चार महिने काडतुसं नाहीत, आणि कुणीतरी तुझ्या रिकाम्या पुंगळ्या भरून द्यायला तयार आहे, तेही नाकाला खळगा असलेल्या होलो पॉइंट गोळ्या घालून. हे तू लिहिलेलं वाचल्यापासून मला चैन नाही. फोनवर बोललेलं विसरून जाशील, म्हणून लिहितोय.

एकही भरून घेऊ नकोस. तुझा परवाना शस्त्र बाळगण्याचा आहे, काडतुसं बनवण्याचा नाही. 1959 च्या शस्त्र कायद्यात त्याला वेगळा परवाना लागतो. 2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बनवणाऱ्याला किमान 7 वर्षं, वर जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. भरणारा निसटेल आणि काडतुसं सापडतील तुझ्या कपाटात.

पण कायद्याहून मला तुझ्या हाताची काळजी जास्त आहे. तुझ्या वयात मीही अशी सहा काडतुसं आणली होती. तुरीच्या बांधावर उभं राहून चाप ओढला. नेहमीचा कडाका नाही, हाताला धक्का नाही, नुसता 'फस्स' आवाज. पुन्हा ओढणार तोच तुझ्या आजोबांनी मनगट धरलं. रिव्हॉल्व्हर रिकामं केलं आणि पुढून नळीत पेन्सिल घातली, ती अर्ध्यावरच अडली. दारू कमी पडून गोळी नळीत बसली होती. तिच्यामागे दुसरी सुटली असती तर नळी फुटून माझी बोटं गेली असती. ती पेन्सिल आठवली की आजही अंगावर काटा येतो.

खळग्याच्या गोळीचं म्हणशील, तर तो खळगा उमलायला वेग लागतो. तुझ्या 0.32 रिव्हॉल्व्हरच्या आखूड नळीत तेवढा वेग बहुतेक वेळा मिळतच नाही. वाटेत जाड कापड आलं तर खळग्यात बोळा बसतो आणि गोळी साध्या गोळीसारखीच जाते. 1890 च्या दशकात कोलकात्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात पसरणाऱ्या गोळ्या बनल्या, 1899 मध्ये हेगच्या परिषदेत युद्धातल्या त्यांच्या वापरावर बंदी आली, पण त्या लांब नळीच्या रायफलीच्या होत्या. 'डमडम' या नावाच्या दबदब्यावर जाऊ नकोस.

पर्याय म्हणून कुणी पिस्तुलाचं 0.32 देऊ करेल, तेव्हा फार सावध राहा. दोन्हीला लोक 'बत्तीस'च म्हणतात. तुझ्या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाची पुंगळी 23 मिलिमीटर, बुडाचा काठ स्पष्ट बाहेर आलेला. पिस्तुलाची 17 मिलिमीटर, काठ जेमतेम, वर खाच. तळहातावर शेजारी ठेवलीस की फरक दिसतो. पिस्तुलाचं काडतूस तुझ्या चक्रात शिरतंही, आणि घात तिथेच होतो: त्याचा दाब जास्त, आणि तुझं हत्यार त्या दाबासाठी घडवलेलं नाही. बसतंय म्हणून ते आपलं होत नाही.

भीमाकाठच्या गावठी पिस्तुलांबद्दल तुला काय सांगायचं! त्या चोरट्या वाटेनं आलेलं काडतूस कुणाच्या पंचनाम्याशी जोडलेलं असेल, तुला कळणारही नाही.

टंचाई मलाही जाणवते. सामान्य परवानाधारकाची काडतुसं मुख्यतः सरकारी कारखान्यांतून येतात, परदेशी मालावर निर्बंध आहेत. पुंगळीच्या बुडावर के. एफ. ही अक्षरं बघ, ती 1869 च्या खडकीच्या कारखान्याची. दुकानदाराकडे नाव नोंदवून ठेव, पावती घे, परवान्यावर नोंद करून घे आणि वाट बघ. तोवर सरावाला 0.177 चं एअर पिस्तूल वापर. घर राखायला सहा चांगली काडतुसं पुरेत.

तुझ्याकडे आहेत त्यातली हिरवट थर चढलेली आणि गोळी हलणारी काडतुसं वेगळी काढ. चाप ओढूनही काडतूस उडालं नाही, तर नळी सुरक्षित दिशेला धरून 30 सेकंद थांब, लगेच चक्र उघडू नकोस.

रविवारी मी येतो. तोवर तुझ्या बाबांच्या जुन्या काडतुसांच्या डब्याला हात लावू नकोस. आल्यावर दोघं मिळून मोजू आणि खराब निघतील ती ठाण्यात रीतसर जमा करू.

तुझा,
मामा