उकळले तरी न जाणारे विष

पाणी उकळून प्या, असे आम्ही या पानावर नेहमी सांगतो. कॉलरा, टायफॉइडचे जंतू उकळल्याने मरतात. पण काही रसायने उकळून जात नाहीत. त्यातल्या एका गटाची माहिती आज घेऊ.

पेट्रोल किंवा विमानाचे इंधन पेटले की नुसत्या पाण्याने विझत नाही. त्यावर फेस मारतात. अशा अनेक फेसांत ‘पीएफएएस’ गटातील रसायने असत. ती ना कुजतात, ना सहज जळतात.

अमेरिकेत मिशिगन राज्यात ऑस्कोडा गावाजवळ हवाई दलाचा तळ होता. तिथे वर्षानुवर्षे आग लावून फेसाने विझवण्याचा सराव चाले. तळ १९९३ साली बंद झाला, पण जमिनीत मुरलेले रसायन राहिले. रेताड मातीतून ते भूजलात उतरले आणि जवळच्या दलदलीत व नदीत पोहोचले. २०१२ साली सरकारला सांगावे लागले : इथले मासे खाऊ नका. सराव थांबून तोवर जवळपास वीस वर्षे झाली होती!

हे कसे घडते? काही रसायन पाण्याबरोबर वाहते, काही तळाच्या गाळाला चिकटते. गाळातले पुन्हा हळूहळू पाण्यात सुटते. गाळातले किडे ते खातात, किड्यांना लहान मासे, त्यांना मोठे मासे. माशाच्या अंगात ते पाण्यापेक्षा हजारो पट साठू शकते. तेच मासे आपण खाल्ले की ते आपल्या रक्तात येते आणि काही वर्षे राहते. त्याने कोलेस्टेरॉल वाढते, लहान मुलांत लसीचा परिणाम कमी होतो. या गटातील पीएफओए हे रसायन कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०२३ साली जाहीर केले.

लक्षात ठेवा :

• हे रसायन माशाच्या मांसातच असते. कातडी काढून, धुऊन, तळून ते जात नाही.
• पाण्यातले प्रमाण आरओ किंवा चांगल्या कार्बन फिल्टरने कमी होते. फिल्टर मात्र वेळेवर बदलावा.
• नाल्यावरचा प्रत्येक फेस हाच नव्हे. बहुतेकदा तो साबण व सांडपाण्याचा असतो. तरी मुलांना त्यात खेळू देऊ नका.
• मासे हा चांगला आहार आहे, तो सोडू नका. फक्त विमानतळ, तेलाचे डेपो, रसायनांचे कारखाने यांचे पाणी जिथे उतरते, तिथले मासे टाळा.

जंतूंसाठी पाणी उकळाच. रसायनांसाठी मात्र ते पाणी येते कुठून, हे विचारायला शिकू या.