नाथषष्ठीचा दिवस

होळी झाली की मराठवाड्यातल्या कितीतरी वाटा पैठणकडे वळतात. पैठण हे गोदावरीच्या काठचे जुने गाव. छत्रपती संभाजीनगरपासून ते सुमारे पन्नास किलोमीटरवर आहे. संत एकनाथ महाराज इथलेच. १५९९ साली, फाल्गुन वद्य षष्ठीला त्यांनी इथे समाधी घेतली. म्हणून या तिथीला नाथषष्ठी म्हणतात.

गावोगावच्या दिंड्या पायी येतात. कुणाच्या खांद्यावर भगवी पताका, कुणाच्या गळ्यात वीणा, कुणाच्या डोईवर तुळस. म्हाताऱ्या माणसांबरोबर सोळा-सतरा वर्षांची पोरंही असतात. असा एखादा मुलगा त्या दिवशी काय शिकतो? चला, आपण पाहू या.

पहाटे काकडआरती होते. मुलाच्या हातात टाळ येतात. टाळ वाजवणे सोपे वाटते. पण एकाने घाई केली की सगळ्यांचा ताल मोडतो. शेजारचे आजोबा म्हणतात, "पोरा, आधी ऐक. मग वाजव." हा पहिला धडा.

मग भेटीगाठी होतात. वारकरी एकमेकांच्या पाया पडतात. त्यात लहान-मोठा पाहत नाहीत. पिकल्या केसांचा माणूस वाकतो आणि पोराच्या पायांना हात लावतो. पोरगं लाजतं. तेही खाली वाकतं. हा दुसरा धडा.

पुढे कीर्तन उभे राहते. कीर्तनकार नाथांच्या लहानपणची गोष्ट सांगतात. एकनाथ लहान वयातच गुरूच्या शोधात देवगिरीला गेले. देवगिरी म्हणजे आजचा दौलताबादचा किल्ला. तिथे जनार्दनस्वामींपाशी ते राहिले. स्वामींनी त्यांना हिशेबाचे काम दिले. एकदा हिशेबात एका पैची चूक आली. एकनाथ रात्रभर दिव्यापाशी बसून राहिले. चूक सापडली तेव्हा त्यांना कोण आनंद झाला! स्वामींनी ओळखले, ज्याचे मन एका पैसाठी इतके लागते, त्याचे देवापाशीही लागेल. बघा, वह्या लिहिता लिहिता भक्तीची तयारी झाली.

हीच नजर पुढे मोठ्या कामाला आली. ज्ञानेश्वरी १२९० साली झाली. तेव्हा छापखाने नव्हते. लोक पोथी हाताने उतरून घेत. त्यात चुका होत. एका अक्षराने काय होते? 'दिन' म्हणजे दिवस, 'दीन' म्हणजे गरीब. वेलांटी बदलली की अर्थ बदलला. नाथांनी ज्ञानेश्वरीचा पाठ तपासला आणि १५८४ साली शुद्ध पोथी तयार केली. अक्षर नीट वाचणे हीही त्यांची सेवाच होती.

नाथांची आणखी एक गोष्ट लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. दुपारची वेळ होती. गोदावरीची वाळू तापली होती. अस्पृश्य मानलेल्या घरचे एक लेकरू तिथे रडत होते. नाथांनी त्याला कडेवर घेतले, पुसले, घरी पोहोचवले. लोक काय म्हणतील, याचा विचार केला नाही.

कीर्तनात ही गोष्ट आली की बायामाणसे डोळे पुसतात. पण आम्ही इथे एक विचारतो. डोळे पुसून गावी परतायचे आणि तिथे पाणवठ्यावर, पंगतीत माणसे वेगळी ठेवायची, याला नाथांची भक्ती म्हणायचे काय? पोरं ऐकतात थोडं आणि बघतात फार. बाप कीर्तनात मान डोलावतो, पण घरी आलेल्या गड्याला वेगळा पेला देतो. मुलगा दोन्ही बघतो. त्याच्या मनात राहतो तो पेला.

पैठणचा उत्सव तीन दिवस चालतो. अष्टमीला काला होतो. लाह्या, दही, लोणचे सारे एकत्र कालवतात आणि सगळ्यांना वाटतात. कुणाचे दही, कुणाच्या लाह्या, हे मग ओळखू येत नाही. काल्याचा अर्थ मुलाला वेगळा सांगावा लागत नाही. शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाच्या हातून घास घेतला की त्याला तो कळतो.

वाचकहो, तुम्हाला आता अक्षरे येऊ लागली आहेत. संध्याकाळी हरिपाठाची पोथी उघडा. एक ओळ तुम्ही वाचा, एक ओळ मुलाला वाचू द्या. शब्द अडला तर थांबा, पुन्हा वाचा. आणि गावात पंगत बसेल तेव्हा मुलाला सगळ्यांच्या ओळीत बसवा. तुम्हीही त्याच ओळीत बसा.

शब्द शिका
पै – जुन्या काळचे सर्वांत लहान नाणे
पाणवठा – पाणी भरण्याची जागा
पाठ – पोथीतला मजकूर
काला – एकत्र कालवलेला प्रसाद

सांगा पाहू
१. एकनाथ रात्रभर का जागले?
२. एका वेलांटीने अर्थ बदलतो, असे आणखी दोन शब्द लिहा.
३. तुमच्या गावच्या पंगतीत सगळे एका ओळीत बसतात का? नसतील तर का? घरी सगळ्यांनी मिळून बोला.