थेट पीएच.डी. की आधी एम.पी.एच.?

मुलांनो, आपल्या वर्गाच्या एका माजी विद्यार्थिनीने नुकतेच विचारले, "काका, बी.टेक. झालं. आता सार्वजनिक आरोग्यात थेट पीएच.डी. करू का? मास्टर्सची दोन वर्षं वाचतील." एगैलातल्या पुष्कळ घरांत उद्या असाच प्रश्न येईल, म्हणून आम्ही तो इथे मांडतो आहोत.

सार्वजनिक आरोग्य म्हणजे एका रोग्यावर नव्हे, तर अख्ख्या वस्तीवर इलाज. साथ कशी पसरते ते सांगते साथरोगशास्त्र. आकड्यांचा हिशेब मांडते जैवसांख्यिकी. इंजिनिअरला दुसरी लवकर जमते, पहिले मात्र मुळापासून शिकावे लागते.

आता नियम. भारतात २०२२ च्या यू.जी.सी. नियमांनुसार चार वर्षांच्या पदवीत किमान ७५ टक्के गुण असले तर मास्टर्सशिवाय पीएच.डी.साठी अर्ज करता येतो. अर्ज करता येतो, एवढेच! पुढची निवड विद्यापीठाची. अमेरिकेतही काही विद्यापीठे पदवीनंतर थेट घेतात. तिथे पीएच.डी.ला बहुधा फी माफ असते आणि विद्यावेतनही मिळते, एम.पी.एच.चा खर्च मात्र बहुतेकांना घरातून करावा लागतो. आईबाबांच्या दृष्टीने हा फरक लहान नाही.

मग थेटच जावे? थोडे थांबा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग दोघेही एम.डी. होते. तरी ते अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेले आणि १९८४ साली एम.पी.एच. झाले. परत येऊन त्यांनी गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था उभी केली. तिथल्या ३९ खेड्यांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवले. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापून आला: नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. पुढे हीच पद्धत भारत सरकारने आशा कार्यकर्तींमार्फत देशभर नेली. या कामासाठी मोजायचे कसे हे शिकणे गरजेचे होते आणि ते एम.पी.एच.मध्ये शिकता आले.

पीएच.डी. म्हणजे चार-पाच वर्षे एकाच प्रश्नाला चिकटून राहणे. तो प्रश्न अजून सापडलाच नसेल, तर वाचलेली दोन वर्षे पुढे भटकण्यात जातात. (आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे चांगलेच ठाऊक आहे: काय हवे ते न ठरवता प्रोग्रॅम लिहायला बसले की पुन्हा लिहावा लागतो.) म्हणून त्या मुलीला आम्ही सांगितले, कुठल्या आजाराबद्दल, कुठल्या लोकांबद्दल आणि काय शोधायचे आहे ते एका पानावर मराठीत लिहून आण. पान भरले तर थेट अर्ज कर. नाही भरले तर एम.पी.एच. कर, किंवा एखाद्या आरोग्य प्रकल्पात वर्षभर आकडेवारीचे काम कर.

स्वाध्याय : 'साथ' या शब्दाचे दोन अर्थ वाक्यांत वापरा. आपल्या इमारतीत गेल्या महिन्यात किती जणांना ताप आला, हे मोजायचे तर कोणाला काय विचाराल? पाच प्रश्न लिहून पुढच्या शुक्रवारी आणा.