सही कुणाची, बाळंतिणीची की नवऱ्याची?

प्रश्न : माझ्या सुनेचं सिझर झालं. लेबर रूममधून सिस्टर बाहेर आल्या, मुलाच्या हातात इंग्रजी फॉर्म दिला आणि म्हणाल्या, “इथे सही करा, इथेही.” त्यानं केल्या. आत सुनेला कुणी काही विचारलं नाही. ती शुद्धीवर होती, बी.कॉम. झालेली आहे. मग नवऱ्याची सही कशी चालते?
— एक सासूबाई, सांगली

उत्तर : चालत नाही, चालवून घेतली जाते. सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या बाईच्या शरीरावर काय करायचं, याची संमती तिचीच लागते. नवरा फार तर साक्षीदार.

सर्वोच्च न्यायालयाचा २००८चा एक निकाल इथे लागू पडतो. दिल्लीतली ४४ वर्षांची अविवाहित बाई दुर्बिणीच्या तपासणीसाठी टेबलावर गेली. ती भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेतली आणि तिचं गर्भाशय, बीजकोश काढून टाकले. न्यायालयाने सांगितलं, तपासणीची संमती म्हणजे शस्त्रक्रियेची नव्हे. जीव धोक्यात नव्हता, तर ती शुद्धीवर येईपर्यंत थांबायचं होतं. आईच्या संमतीला काही अर्थ नव्हता. डॉक्टरांची फी गेली, वर २५,००० रुपये भरपाई. रक्कम किरकोळच म्हणायची. पण बेशुद्ध बाईच्या वतीनं सख्खी आई बोलू शकत नसेल, तर जाग्या सुनेच्या वतीनं तुमचा मुलगा कसा बोलणार?

डॉक्टर म्हणतील, कळा देणारी बाई काय ऐकून घेणार? नाळ आधी बाहेर आली किंवा बाळाचे ठोके एकदम घसरले, तर मिनिटं मोजावी लागतात हे खरं. जीव वाचवायचा आहे आणि विचारायला सवडच नाही, तेव्हा कायदाही सूट देतो. पण बहुतेक सिझर पाठीत इंजेक्शन देऊन होतात. त्यासाठी बाईला पाठ वाकवून बसवतात, “अजिबात हलू नका” असं दोनदा बजावतात. तेवढ्यात “ठोके कमी होताहेत, सिझर करावं लागेल, करू ना?” एवढं विचारून होतं. नवऱ्याला शोधायला सिस्टर बाहेर जाऊन येतात, त्याहून कमी वेळात.

तरी सही बाहेरच का घेतात? मला विचाराल तर, बिल तो भरतो आणि उद्या दवाखान्यात आरडाओरडा करायला माणसं तोच आणतो, म्हणून. शिवाय मेडिकल कौन्सिलच्या २००२च्या नियमांत नवरा किंवा बायको, अज्ञानाचे पालक आणि स्वतः रुग्ण एकाच वाक्यात कोंबलेत. सोयीचा अर्थ काढायला तेवढं पुरतं.

हीच गत नॉर्मल बाळंतपणातल्या टाक्यांची. योनिमार्गाला सरसकट चीर देऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८मध्ये स्पष्ट सांगितलंय. चीर दिली होती हे मात्र अनेकींना बसताना दुखायला लागल्यावरच कळतं.

आता तक्रारीचं. संमती न घेणं वेगळं, हलगर्जीपणा वेगळा. सिझर गरजेचं होतं, नीट झालं, तरी न विचारल्याचा दोष उरतोच. आणि सही दिली म्हणून हलगर्जीपणा माफ होत नाही. आधी केसपेपर मागा. सुनेच्या नावानं लेखी अर्ज द्या, पोच घ्या; ७२ तासांत प्रती द्याव्या लागतात. ठोक्यांची नोंद आणि सिझर ठरल्याची वेळ पाहा, खरंच घाई होती का ते तिथे कळेल. ग्राहक आयोगाकडे जायचं असेल, तर मुदत दोन वर्षांची.