साधन कोणाचे, दोष कोणाचा? : 'विनी' खटल्याचा अभ्यास

खोट्या मापाने माल विकणारा व्यापारी दोषी ठरतो. तराजू घडविणाऱ्या कारागिराला कोणी पकडत नाही. परंतु हजारो लोक त्याच तराजूने लबाडी करू लागले तर? जपानमध्ये हा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून मला तो महत्त्वाचा वाटतो.

प्रथम साधन समजून घेऊ. १९९९ मध्ये अमेरिकेत निघालेल्या 'नॅपस्टर'मध्ये कोणाकडे कोणते गाणे आहे याची यादी एका मध्यवर्ती संगणकावर असे. अडत्याची वही जप्त केली की बाजार थांबतो, तसे न्यायालयाच्या आदेशानंतर २००१ मध्ये नॅपस्टर बंद पडले. २००२ मध्ये टोकियो विद्यापीठातील संशोधक इसामु कानेको यांनी 'विनी' ही आज्ञावली काढली. तिच्यात अडत्याच नव्हता. फाइली सांकेतिक रूपात एका संगणकावरून दुसऱ्यावर जात आणि वाटेतल्या संगणकांवरही त्यांच्या प्रती राहत. त्यामुळे मूळ पाठविणारा शोधणे कठीण झाले. चित्रपट, गाणी, खेळ आणि केवळ प्रौढांसाठी असलेल्या चित्रफिती यांची फुकट देवघेव सुरू झाली.

नोव्हेंबर २००३ मध्ये क्योतो पोलिसांनी दोन वापरकर्त्यांना अटक केली आणि मे २००४ मध्ये खुद्द कानेको यांना. आरोप होता गुन्ह्यास साहाय्य केल्याचा. २००६ मध्ये क्योतो जिल्हा न्यायालयाने त्यांना १५ लाख येन दंड ठोठावला. लोक साधनाचा गैरवापर करतात हे ठाऊक असूनही त्यांनी ते पुरविले, असे त्या न्यायालयाचे मत. २००९ मध्ये ओसाका उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरविले आणि डिसेंबर २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. बेकायदा फाइली देऊ-घेऊ नका, अशी सूचना कानेको वेळोवेळी देत होते; गुन्ह्यास साहाय्य करण्याचा हेतू सिद्ध होत नाही, असे न्यायालयाने म्हटले. निर्णय मात्र एकमताचा नव्हता.

या साडेसात वर्षांची किंमत कोणी दिली? विनीतून पसरणाऱ्या विषाणूमुळे पोलीस आणि संरक्षण दलांचे गोपनीय कागद बाहेर पडले. पण खटल्यामुळे आज्ञावलीत दुरुस्ती करणे तिच्या कर्त्याला शक्य झाले नाही. कानेको २०१३ मध्ये वयाच्या ४२ व्या वर्षी वारले.

दुसरी बाजूही नाकारता येत नाही. चित्रपट किंवा गाणे तयार करणाऱ्याचे भांडवल आणि श्रम फुकट वाटले जाणे हा तोटाच आहे. जपानने २०१२ पासून अशी गाणी व चित्रफिती जाणूनबुजून उतरवून घेणाऱ्यालाही शिक्षेची तरतूद केली, म्हणजे वापरणाऱ्याकडे बोट दाखविले.

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ६३ उल्लंघन करणाऱ्याबरोबर त्यास साहाय्य करणाऱ्यालाही शिक्षा सांगते. मात्र तेथे 'जाणूनबुजून' हा शब्द आहे. माझ्या मते सारा न्याय या एका शब्दात आहे. 'गैरवापर होईल' हे कळणे आणि 'गैरवापर व्हावा' असे इच्छिणे यांत अंतर आहे. ते अंतर पुसले गेले, तर नवे साधन घडविण्यास कोण धजेल?