चित्रफीत उतरवून घेण्याचे गणित

वर्गात चित्रफीत लावावी आणि नेमके तेव्हाच इंटरनेट रखडावे, हा अनुभव पुष्कळ शाळांना येतो. त्यापेक्षा ती आदल्या दिवशीच संगणकावर उतरवून ठेवलेली बरी. पण वेळ किती लागेल?

समजा, चित्रफीत ३०० मेगाबाइटची आहे आणि इंटरनेटचा वेग सेकंदाला २ मेगाबिट आहे. ३०० भागिले २, म्हणजे १५० सेकंद, असे उत्तर तुम्ही काढले असेल तर ते चुकले! फाइल मोजतात बाइटमध्ये, वेग मात्र बिटमध्ये. आणि १ बाइट म्हणजे ८ बिट. म्हणून ३०० × ८ ÷ २ = १२०० सेकंद, म्हणजे २० मिनिटे. अर्धी तासिका गेलीच की!

ऑनलाइन पाहतानाही चित्रफितीचे तुकडे संगणकात येतच असतात. पण दाखवून झाले की ते सहसा टाकून दिले जातात. दुसऱ्या वर्गासाठी ते पुन्हा मागवावे लागतात. उतरवलेली फाइल मात्र तशीच राहते.

उतरवण्याची परवानगी आहे ना, हे आधी पाहावे. अमेरिकेच्या 'नासा' संस्थेच्या बहुतेक चित्रफिती शिक्षणासाठी मोकळेपणाने घेता येतात. उतरवून झाल्यावर इंटरनेट बंद करून एकदा चालवून पाहा.