एसी-फ्रिजच्या कामाचे प्रशिक्षण: संस्था पारखताना

रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंग, म्हणजे बोलीभाषेतील ‘एसी-फ्रिजचे काम’, महाराष्ट्रात मुख्यतः दोन ठिकाणी शिकता येते: आयटीआयच्या, म्हणजे औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या, दहावीनंतरच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात, किंवा काही आठवड्यांत कारागीर घडवण्याची हमी देणाऱ्या खाजगी वर्गांत. या दुसऱ्या वाटेने गेलेल्या अनेकांचा अनुभव असा की, वर्ग संपताना रंगीत प्रमाणपत्र हाती पडते, परंतु तांब्याच्या नळीचे तोंड फुलवून जोड घट्ट बसवण्याची क्रिया, जिला फ्लेअरिंग म्हणतात, त्यांनी फक्त फळ्यावर पाहिलेली असते.

भिंतीवरच्या ‘सरकारमान्य’ या पाटीवर विसंबणे धोक्याचे ठरते, कारण आयटीआयची संलग्नता संस्थेला सरसकट मिळत नसून व्यवसायनिहाय आणि तुकडीनिहाय मिळते. त्यामुळे एखाद्या संस्थेचा वीजतंत्रीचा अभ्यासक्रम मान्यताप्राप्त असला, तरी तिच्याच छपराखालचा एसीचा वर्ग तसा असेलच असे नाही. राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळणार की संस्थेचे स्वतःचे, हे शुल्क भरण्याआधी लेखी विचारलेले बरे.

खरी पारख मात्र कार्यशाळेतच होते. ओझोन थराला घातक ठरलेला आर-२२ हा वायू १९८७च्या मॉन्ट्रियल करारामुळे टप्प्याटप्प्याने मागे पडत असून घरगुती एसीमध्ये आर-३२ रुळला आहे, जो अधिक दाबाने काम करतो आणि सौम्य ज्वलनशीलही आहे. नळ्यांतील हवा थोडा वायू सोडून ढकलून देण्याची जुनी सवय म्हणूनच आता अधिकच जोखमीची आहे. व्हॅक्युम पंपाने हवा आणि ओलावा दोन्ही ओढून काढावे लागतात, कारण आत राहिलेला ओलावा तेलाशी मिळून आम्ल तयार करतो आणि कालांतराने कॉम्प्रेसर निकामी होतो. गळतीची तपासणी कोरड्या नायट्रोजनने करतात, ऑक्सिजनने कधीच नाही, कारण दाबाखालचा ऑक्सिजन आणि कॉम्प्रेसरचे तेल एकत्र आल्यास स्फोट होऊ शकतो. ज्या वर्गात नायट्रोजनचा सिलिंडरच दिसत नाही, तेथील निदेशकाला याविषयी विचारावे. उत्तर बहुधा बोलके असते.

संस्था पाहायला प्रवेशाच्या धामधुमीत न जाता प्रात्यक्षिकाच्या वेळी जावे आणि एका व्हॅक्युम पंपामागे किती विद्यार्थी उभे आहेत, हे मोजावे. शिवाय १९६१च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाखाली मागील तुकडीतील किती जणांना विद्यावेतनासह कारखान्यात जागा मिळाली, हे कार्यालयापेक्षा त्या तुकडीतील मुलांनाच विचारणे अधिक विश्वसनीय असते.